उभ्या पहारेकऱ्याची निगा

वाचकहो, जालन्याहून अंबडच्या वाटेला लागा, भोकरदनच्या लागा, नाहीतर मंठ्याच्या. कुठे ना कुठे तारेचे कुंपण घातलेले एक आवार तुम्हांला दिसेलच. आत खडी पसरलेली, लोखंडी कमानी उभ्या, मध्ये गुणगुणणारा एक मोठा ट्रान्सफॉर्मर आणि बाजूला एक बसकी खोली. आपण त्याला सबस्टेशन म्हणतो, शुद्ध बोलणारे उपकेंद्र म्हणतात. (ती खडी शोभेची नव्हे. कोरडी खडी वीज सहजी वाहू देत नाही. जमिनीत वीज उतरली तरी तिच्यावर उभ्या माणसाला धोका कमी, म्हणून ती.) याच आवारात लोखंडी चौकटीवर चिनी मातीचे तीन तपकिरी खांब एका ओळीत उभे असतात आणि त्यांच्या खाली एक करडी पेटी असते. पेटीला लहानशी काच, काचेआड लाल किंवा हिरवी खूण. हा ब्रेकर. ग्रंथांतून त्याला 'मंडल-छेदक' म्हटलेले सापडते, पण तो शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तेव्हा आपणही ब्रेकरच म्हणू.

ट्रान्सफॉर्मर निदान गुणगुणतो. ब्रेकर काहीच करीत नाही. उन्हात, धुळीत, पावसात तो महिनोन् महिने नुसता उभा असतो. आणि मग एखाद्या रात्री वादळात तार तुटते, दोन तारा एकमेकींवर आपटतात, कुठे झाड पडते, आणि त्या क्षणी, सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास, त्याने उघडायचे असते. तेवढ्यासाठी त्याचा जन्म. मला त्याचा इतिहास सांगायचा आहे; पण शोधाचा नव्हे, निगेचा. आम्हां इतिहास शिकवणाऱ्यांची एक खोड आहे. किल्ला कोणी बांधला हे आम्ही सनावळीसह सांगतो. त्याच्या दरवाजाच्या बिजागरीत तेल कोण घालीत होते, हे मात्र आमच्या टिपणांत कधी येत नाही. आणि दरवाजा ऐन वेळी लागला नाही, तर किल्ला बांधणाऱ्याचे नाव काय कामाचे?

आधी एक शब्दाचा घोटाळा दूर करू. ब्रेकर 'उघडला' म्हणजे वीज बंद झाली, आणि 'मिटला' म्हणजे सुरू झाली. नळाच्या अगदी उलट. लाल खूण म्हणजे चालू, हिरवी म्हणजे बंद. तेही आपल्या रस्त्यावरच्या सवयीच्या उलट. विजेच्या माणसाला लाल म्हणजे 'सावध, इथे जीव आहे'.

आता त्याचे काम कठीण का, ते पाहा. घरात इस्त्री चालू असताना प्लग ओढून काढला, तर चिमुकली ठिणगी दिसते. तारा वेगळ्या झाल्या तरी वीज थांबायला राजी नसते; मधल्या हवेतून ती वाट काढते. घरी हा खेळ दोनशेतीस व्होल्टचा. सबस्टेशनात तो तेहेतीस हजारांचा, एक लाख बत्तीस हजारांचा. तिथे ठिणगी राहत नाही, ज्वाळेचा कमानदार झोत उठतो, त्याची उष्णता काही हजार अंश, आणि तो तांबेही वितळवून टाकतो. ब्रेकरने हा झोत विझवायचा असतो. एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे: आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा शून्यावर येते. सेकंदात अशा १०० संधी. शून्याच्या त्या क्षणी झोत मंदावतो. तेवढ्यात मधली जागा गार आणि स्वच्छ करून टाकली, की तो परत पेटत नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत ब्रेकरमध्ये तेल आले, हवा आली, वायू आला, निर्वात पोकळी आली. सगळ्यांची धडपड ही एवढीच.

तेलाच्या ब्रेकरची पहिली नोंद सापडते ती अमेरिकेत. जे. एन. केल्मन नावाच्या गृहस्थांनी १९०१ साली तो बांधला. बांधणी ऐकाल तर हसाल: तेल आणि पाणी भरलेली दोन उघडी लाकडी पिपे आणि त्यांत बुडणारी दोन पाती. चाळीस हजार व्होल्टच्या वाहिनीवर तो बसवला. एप्रिल १९०२ पासून मार्च १९०३ पर्यंत त्याने काम केले, आणि चांगले केले. मग एके दिवशी थोड्या थोड्या वेळाने त्याला पुन्हा पुन्हा उघडावे लागले. पिपांतले तेल पेटून उडाले, आजूबाजूच्या लाकडाला आग लागली आणि केल्मनच्या ब्रेकरचा अंत झाला.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले म्हणतात, "सर, लाकडी पीप वापरल्यावर दुसरं काय होणार?" पण दोष नुसता पिपाचा नव्हता. पहिल्यांदा उघडला तेव्हा तो उत्तम होता. तिसऱ्या-चौथ्यांदा उघडला तेव्हा तो पहिल्यासारखा उरला नव्हता. उघडण्याच्या प्रत्येक वेळी ब्रेकर स्वतःचे थोडे काही खर्च करतो. आजही नव्या ब्रेकरची परीक्षा घेताना हा धडा विसरत नाहीत. त्याला मोठा दोषप्रवाह तोडायला लावतात, ०.३ सेकंदात पुन्हा मिटून लगेच उघडायला लावतात. आणि ३ मिनिटांनी पुन्हा एकदा तेच. यातून जो तरला तो पास.

आपल्या महाराष्ट्रात मोठी वीज आली ती खोपोलीहून, १९१५ साली, टाटांच्या जलविद्युत केंद्रातून, मुंबईच्या गिरण्यांसाठी. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. तिकडे हैदराबादला हुसेनसागराच्या काठी १९२०च्या सुमारास औष्णिक केंद्र उभे राहिले, पण त्याचा उजेड आपल्या खेड्यांपर्यंत पोचण्याचे कारण नव्हते. १९५६च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०च्या १ मे रोजी महाराष्ट्र झाला, आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६२ साली कोयना सुरू झाली. १९७१ साली आपल्या जवळ, परळीला, औष्णिक केंद्राचा पहिला संच चालू झाला. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. बहात्तरच्या त्या दुष्काळाने मराठवाड्याला शिकवले की विहिरीचे पाणी वर काढायचे तर मोट पुरणार नाही. विजेचे पंप आले. पंपांमागे तारा आल्या, तारांमागे सबस्टेशने आली. जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ला. तोवर गावोगाव हे कुंपणातले पहारेकरी उभे राहू लागले होते.

ते उघड्यावर का? व्होल्ट वाढले की दोन तारांत अंतर जास्त ठेवावे लागते. तेवढी मोठी इमारत बांधायची म्हणजे पैसा. उघड्या आकाशाखाली अंतर फुकट मिळते. म्हणून मोठे ब्रेकर घराबाहेर आले आणि घराबाहेर राहणाऱ्याचे सगळे भोग त्यांच्या वाट्याला आले. जालन्याच्या मे महिन्यात चाळिशीपलीकडचे ऊन असते, काळ्या रानाची बारीक धूळ असते, कापसाच्या दिवसांत जिनिंगचा तुसा उडत असतो. हे सगळे त्या चिनी मातीच्या खांबांवर बसते.

इथे एक प्रश्न तुम्हीही कधी ना कधी विचारला असेल: मृगाचे पहिले चार थेंब पडले की लाईट जाते, आणि मग तासभर मुसळधार कोसळतो तेव्हा मात्र टिकते, असे का? त्याचे उत्तर या धुळीत आहे. कोरडी धूळ विजेला वाट देत नाही. धो धो पाऊस धूळ धुऊन नेतो. पण चार थेंबांनी तिचा ओला लेप होतो, त्यातून वीज सरपटू लागते आणि खांबाच्या अंगावरूनच झोत पेटतो. म्हणून खांब पुसायचे ते पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये. काम अगदी साधे आहे. कपडा, थोडे रसायन, शिडी आणि दोन माणसे. पण त्यासाठी वाहिनी बंद करावी लागते, आणि तिथेच घोडे अडते. त्याकडे मी येणारच आहे.

मंडळाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतले ब्रेकर बहुतेक तेलाचे. आधी भरपूर तेलाच्या टाक्या, मग कमी तेलाचे उभे खांब. जुनी माणसे त्यांना 'ओसीबी', 'एमओसीबी' म्हणत. झोत पेटला की तेल फुटून त्याचा वायू होतो, त्यात बहुतांशी हायड्रोजन असतो, आणि हाच वायू झोताला गार करून विझवतो. म्हणजे तेल स्वतः जळून आग विझवते! पण जळाल्याची खूण राहतेच: तेलात काजळी उतरते, ते काळवंडते. त्यात पावसाळ्याचा दमट वारा शिरला तर ओल येते. म्हणून तेलाचा नमुना काढून त्याची परीक्षा घ्यायची. एका भांड्यात अडीच मिलिमीटर अंतरावर दोन गोळे ठेवायचे, त्यांच्यावर हळूहळू व्होल्ट चढवायचे आणि ठिणगी कितीला पडते ते पाहायचे. चांगल्या नव्या तेलाने निदान तीस हजार व्होल्ट सोसले पाहिजेत. कमी भरले तर गाळायचे, नाहीतर बदलायचे.

या तेलाच्या काळाबद्दल माझ्या मनात थोडा आदर आहे, तो वेगळ्या कारणाने. तेलाचा ब्रेकर हा मागणारा प्राणी होता. काही ठरावीक दोष तोडले की त्याला उघडावेच लागे. काळे तेल काढा, आतली टोके पाहा, खरवडली असतील तर घासा, फार झिजली असतील तर बदला. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी लावून चोळतात. ते चोळताना हाताला गाठ लागते, जखम कळते. तेलाच्या ब्रेकरची अशी खांदेमळणी टाळता येत नसे. त्यामुळे माणसाचा हात वर्षाकाठी एकदा तरी त्याच्या अंगावरून फिरे.

मात्र हात फिरवणे नेहमीच भल्याचे असते का? या प्रश्नाचे एक चमत्कारिक उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळाले. ब्रिटिश हवाईदलाच्या किनारी विभागात सी. एच. वॉडिंग्टन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ होते. विमानांची ठरावीक तासांनी तपासणी होई. मग बिघाड कमी व्हायला हवेत. त्यांनी आकडे मांडले तर तपासणीनंतर लगेच बिघाड वाढलेले आणि पुढे हळूहळू कमी झालेले दिसले! म्हणजे तपासणीच काही बिघाड घडवीत होती: चांगला जमलेला भाग सोडला, पुन्हा बसवताना तो पहिल्यासारखा बसला नाही. युद्धकाळात गुप्त असलेले हे काम पुस्तकरूपाने बाहेर आले ते १९७३ साली. विजेच्या क्षेत्रातही ही शंका पुढे मूळ धरू लागली. दरवर्षी सगळे खोलून पाहण्यापेक्षा बाहेरून मोजून आतली प्रकृती ओळखावी आणि गरज असेल तरच खोलावे, असा विचार आला. नाडी पाहून निदान करणारा वैद्य म्हणा ना.

त्याच सुमारास ब्रेकरही बदलले. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू मोआसाँ आणि लबो या फ्रेंच रसायनज्ञांनी १९००च्या सुमारास तयार केला होता; तो झोत विझवण्यात हवेपेक्षा कितीतरी सरस ठरला आणि १९५०च्या दशकात अमेरिकेत त्याचे ब्रेकर झाले. आज आपल्या मोठ्या वाहिन्यांवर मुख्यतः तेच आहेत. (हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक जालीम, त्यामुळे त्याची गळती शोधणे हेही आता निगेचेच काम झाले आहे.) निर्वाताची गोष्ट वेगळी. पोकळीत हवाच नाही तर झोत कशावर जगेल, ही कल्पना कॅलिफोर्नियात सोरेन्सेन आणि मेंडेनहॉल यांनी १९२६ सालीच करून दाखवली. पण वर्षानुवर्षे पोकळी टिकवणारी बाटली बनवायला आणखी तीन-साडेतीन दशके लागली. आज आपल्या तेहेतीस आणि अकरा हजारांच्या सबस्टेशनांत हेच निर्वात ब्रेकर, बोलीत 'व्हीसीबी', आहेत. त्या बाटल्या आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतही बनल्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या बाटलीत पाहण्यासारखे काही नाही, तेल नाही, काजळी नाही. 'निगा नको' अशीच तिची ख्याती झाली. आणि माझ्या मते इथेच गाडी चुकली. बाटलीला निगा फारशी नको हे खरे; पण बाटली उघडते कशाने? पेटीतल्या स्प्रिंगने, दांड्यांनी, खटक्यांनी, साखळीने. त्यांना वंगण तेच, गंज तोच, धूळ तीच. पॅरिसच्या 'सिग्रे' या १९२१ साली स्थापन झालेल्या विद्युत संस्थेने जगभरच्या मोठ्या ब्रेकरांच्या बिघाडांची तीनदा पाहणी केली: १९७४ ते ७७, १९८८ ते ९१ आणि २००४ ते ०७. तिन्ही वेळा बोट वळले ते झोत विझवणाऱ्या भागाकडे नव्हे, तर मुख्यतः उघडमीट करणाऱ्या यंत्रणेकडे. खांदा शाबूत, पण गुडघा आखडलेला.

आखडण्याचे कारण सोपे आहे. तो हलत नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण घालून ती वर्षभर गोठ्यात ठेवा. वंगणाचा डिंक झालेला असतो. लोडशेडिंगच्या वर्षांत, २००५ नंतरच्या त्या दिवसांत, अकरा हजारांच्या वाहिन्यांचे ब्रेकर रोज कित्येकदा उघडले-मिटले जात. वीज पाळीपाळीने द्यायची ती त्यांच्याच हाताने. ते झिजले, पण आखडले नाहीत. त्यांच्या डोक्यावरचा, सबंध सबस्टेशनाचा मुख्य ब्रेकर मात्र मिटलेलाच उभा राहिला. झिजलेल्याकडे लक्ष जाते, कारण तो कुरकुरतो. आखडलेला कुरकुरत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आपल्याच जिल्ह्यात अशा एका सबस्टेशनात ऑपरेटर आहे. इतिहास घेऊन बी.ए. झालेला आणि मग आय.टी.आय. केलेला. गेल्या एप्रिलमध्ये त्याने मला बोलावले. "सर, रविवारी मुख्य ब्रेकरचं मेंटेनन्स आहे. बघायचं असलं तर सातला या. दहाला लाईट द्यायचीच आहे."

गेलो. आधीचा अर्धा तास नुसता तयारीत गेला, आणि मला वाटते तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. ब्रेकर उघडला. त्याच्या दोन्ही बाजूंची पाती, ज्यांना आयसोलेटर म्हणतात, ती उघडून कुलूप घातले. ती डोळ्यांनी उघडी दिसली पाहिजेत, दिव्यावर भरवसा नाही. मग वीज नाही याची खात्री, मग लांब काठीने तारा जमिनीला जोडणे. एवढे झाल्यावर अभियंत्याने परमिटच्या कागदावर सही केली आणि मग पहिला माणूस शिडीवर चढला. खांब पुसले. पेटी उघडली तर आत कुंभारीण माशीने मातीची सुबक घरे बांधली होती, आणि एक पाल वाळून पडली होती. दमटपणा जाण्यासाठी पेटीत जो लहान हीटर असतो तो बंद पडला होता, तो बदलला. आणि वंगण! खटक्याच्या टोकाशी ते मधासारखे घट्ट, पिवळे-काळे झाले होते. बोटाने ओढले तर दोरी निघेल असे. ते पुसून काढायला तासाभराहून अधिक वेळ लागला. नवे लावायचे तेही कोणतेही नव्हे. बनवणाऱ्याने सांगितले असेल तेच, आणि सांगितले असेल तिथेच.

मग मोजमापे. मिटलेल्या ब्रेकरमधून शंभर अँपिअर सोडायचे आणि अडथळा मोजायचा. तो ओहमच्या दशलक्षांशात येतो, काही दहांत. एका टोकाला जरा जास्त भरला. मी विचारले, "हे वाईट का?" तो म्हणाला, "सर, नुसत्या आकड्यावरून नाही सांगता येत. मागच्या वर्षी किती होता ते पाहावं लागतं." आणि खोलीतून त्याने एक जाडजूड रजिस्टर आणले.

वाचकहो, मला त्या क्षणी कोण आनंद झाला म्हणून सांगू! इतिहासाची पदवी वाया गेली असे त्याच्या घरच्यांना वाटत आले आहे. आणि इथे तो मागचे पान उलटून पाहत होता: त्या टोकाचा आकडा सहा वर्षांत हळूहळू चढत आलेला. एका वर्षाची नोंद मात्र कोरी. बदली झाली असेल, कुणाचे आजारपण असेल, शटडाऊन मिळाले नसेल. रजिस्टर कारण सांगत नाही. भारतीय मानक संस्थेने १९८२ साली स्विचगियरची निवड, उभारणी आणि देखभाल यांची चार भागांची संहिता काढली. तिच्यात देखभाल चौथ्या, शेवटच्या भागात आहे. रजिस्टरातली ती कोरी ओळ पाहताना मला ते आठवले.

आणखी एक जागा त्याने मुद्दाम दाखवली: आतल्या खोलीतल्या बॅटऱ्या. बिघाड झाला की रिले हुकूम देतो आणि ब्रेकरचा खटका सुटतो, तो या बॅटऱ्यांच्या विजेवर. बाहेरच्या विजेवर तो सोपवता येत नाही, कारण बिघाडाच्या क्षणी तीच कोलमडलेली असते. बॅटरीत शुद्ध पाणी घालणे, टोकांवरची पांढरी बुरशी पुसणे, आम्लाची घनता १.२च्या आसपास आहे ना ते पाहणे: रुपयांची नव्हे, पैशांची कामे. पण बॅटरी मेली तर कोटीचा ब्रेकरही दगडी खांबच.

दरम्यान फोन वाजतच होता. "लाईट कवा येणार?" मोसंबीच्या बागेला आज पाळी होती. एकाच्या घरी साखरपुडा. एका पिठाच्या गिरणीवाल्याने तर रविवारच का धरला म्हणून खडसावले. रविवार धरला होता तो कचेऱ्या आणि बँका बंद म्हणून. तो प्रत्येकाला "दहा वाजता, भाऊ" एवढेच सांगत होता. या लोकांना मी दोष देणार नाही. उन्हाळ्यात पाण्याची तीन तासांची पाळी चुकणे म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यात समजावून सांगावे लागत नाही. आणि आपल्या सळयांच्या कारखान्यांत भट्टी एकदा थंडावली, की ती पुन्हा तापवण्याचा खर्च मोठा.

पण शटडाऊन नाकारण्याचीही किंमत असते. शेतात अकरा हजारांची तार तुटून पडली आणि ब्रेकर उघडला नाही, तर ती तार जिवंत राहते. कोरड्या रानात पडलेल्या तारेतून प्रवाह इतका थोडा वाहतो की कधी कधी रिलेलाच तिचा पत्ता लागत नाही. तो निराळा दोष. पण रिलेने हाक मारली आणि ब्रेकरचे गुडघे आखडले म्हणून उशीर झाला, तर त्याला काय म्हणायचे? त्या वेळी मागचा, त्याच्याही डोक्यावरचा ब्रेकर उघडतो. एका गावाऐवजी वीस गावे काळोखात जातात, आणि तोवर ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी त्या झटक्याने पिळवटून निघते.

शटडाऊन घेण्याचीही किंमत असते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याचा मोठा भाग बंद पडला, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा दरम्यानच्या चार लाख व्होल्टच्या एका वाहिनीवर देखभालीचे काम चालू होते, तिचा भार दुसरीवर दिला होता, आणि नेमका दुसरीत बिघाड झाला. देखभाल केली म्हणून काळोख झाला, असे काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. वाहिनी एक बंद असताना दुसरीच्या जोरावर शहर चालेल का, हा प्रश्न देखभालीचा नव्हे. तो आधी किती वाहिन्या बांधल्या, त्याचा आहे. पण ज्याने त्या दिवशी शटडाऊन मंजूर केले असेल, त्याच्या जागी मी मला कल्पून पाहतो, तेव्हा टीका करण्याचा हुरूप राहत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी विचारले, "तू एवढा जीव टाकतोस, कुणाला कळतं का?" तो हसला. "उघडला तर ब्रेकर चांगला होता म्हणतात, सर. नाही उघडला तर ऑपरेटर कोण होता ते विचारतात."

पावणेदहाला शेवटची परीक्षा झाली. तिन्ही खांब एकदम उघडतात का, हे एक यंत्र हजारांश सेकंदात मोजते. वंगणापूर्वी एक खांब बाकीच्या दोघांच्या मागे रेंगाळत होता; आता तिघे जवळजवळ बरोबर आले. ज्याचा आकडा चढला होता ते टोक पुढच्या खेपेला आधी पाहायचे, असा शेरा अभियंत्याने लिहिला. मग हत्यारे मोजली. आणलेली तेरा, परत आलेली बारा. चौदाचा पाना सापडेना. कुणी काही बोलेना. सगळे पेटीपाशी परत गेले. तो शिडीच्या पायरीवर निघाला. मग जमिनीला जोडलेल्या तारा काढल्या, परमिट परत केले, पाती मिटली.

मिटताना ब्रेकरचा आवाज बंदुकीच्या बारासारखा होतो; कुंपणाबाहेरच्या बाभळीवरचे कावळे उडाले. काचेत लाल खूण आली. दहाला चार मिनिटे कमी होती. फोन वाजायचे थांबले, आणि तो रजिस्टरात काउंटरचा नवा आकडा उतरवून घेऊ लागला.